रात्री गाडी इथे लावली तर चालेल का?

आम्ही नवरा-बायको गाडीतच झोपून फिरतो, तर आधी गाडीचं सांगून टाकते कारण सगळे पहिलं तेच विचारतात. गाडी साधी मारुती ईको आहे, पेट्रोल, बाराशे सीसी, आणि तिला कॅम्पर व्हॅन म्हणायला आम्हालाच जरा लाजल्यासारखं होतं. व्हिडिओत दिसतात त्या उंच गाड्या, आत माणूस ताठ उभा राहतो, बेसिन असतं, ओव्हन असतो, तसलं काही नाही. उभं राहायचं असेल तर दार उघडून बाहेर जायचं. पण ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं त्यामुळे मागे चौकोनी डबा मिळतो, आणि ओढ मागच्या चाकांवर असते ते सामान भरून घाट चढताना बरं पडतं. या दोन कारणांसाठी घेतली, तिसरं कारण पैसे.

पलंग ओळखीच्या सुतारकाकांनी बनवला, बारा एमएमचं प्लायवूड, तीन घड्यांचा, खाली पाण्याचे कॅन, भांड्यांचा क्रेट आणि कपड्यांच्या दोन बॅगा बसतात. सगळं नटबोल्टवर, अर्ध्या तासात बाहेर निघतं. वेल्डिंग, कापाकापी मुद्दामच केली नाही कारण गाडीत कायमचा बदल केला की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते आणि नवऱ्याला आरटीओच्या दारात परत उभं राहायचं नव्हतं. वीज म्हणाल तर १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे साधारण सव्वा युनिट. वीस वॉटचा पंखा रात्रभर चालवला तरी दीड-पावणेदोनशे वॉट-अवरच जातात, त्यामुळे दिवे आणि मोबाईल धरून आरामात पुरते. फ्रिज घेतला नाही, दूध रोज गावात मिळतं. गॅस पाच किलोचा छोटू आणि एक बर्नर, आणि स्वयंपाक कायम गाडीच्या बाहेर, पाऊस असो वा थंडी. बंद गाडीत शेगडी पेटवणं किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं हे दोन्ही आमच्याकडे बंद म्हणजे बंद. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतच नाही.

हे झालं गाडीचं. खरं काम रोज संध्याकाळी पाच वाजता सुरू होतं आणि त्याबद्दल कुणी सांगतच नाही. ते म्हणजे रात्रीची जागा.

निघण्याआधी नवऱ्याने मॅपवर पिना टोचून ठेवल्या होत्या, कड्याच्या टोकाला एक, धरणाच्या पाण्याला लागून एक, सुरूच्या बनात एक. बघायला छान. पण आपल्याकडे कुणाचीच नसलेली जागा अशी नसतेच हो. एक तर ती वनखात्याची असते, नाहीतर कुणाची तरी आंब्याची बाग असते, नाहीतर गावाचं गायरान. कितीही सुनसान वाटू दे, गाडी लावून स्टोव्ह पेटवला की अर्ध्या तासात कुणीतरी बॅटरी घेऊन येतंच, कोण हाय, कुठनं आला, इथं कशापायी थांबला. आणि त्याचंही बरोबर आहे, आपल्या सोसायटीत अनोळखी गाडी रात्रभर उभी राहिली तर आपण काय करतो? म्हणून मग आम्ही पिना सोडून दिल्या आणि विचारायला लागलो. उजेड असताना गावात शिरायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं, रात्री गाडी इथे लावली तर चालेल का?

विचारायचं मी. हे पण अनुभवाने ठरलं. नवरा विचारायला गेला की समोरचे लोक त्याला लगेच जवळच्या लॉजचा रस्ता सांगायला लागतात, वर एसी रूम आहे म्हणतात. मी गेले की घरातली बाई बाहेर येते, गाडीत डोकावते, पलंग बघते, हसते, आणि मग तीच ठरवते कुठे लावायची ते. गुरव, चहावाला, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी सगळ्यांना विचारून झालंय पण शेवटी जागा जास्त करून बाईच्या होकारानेच मिळते.

डोंगरात पहिल्यांदा भंडारदऱ्याला राहिलो. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या मागे आर्थर लेक पसरलाय आणि त्याला वळसा घालणारा रस्ता रतनवाडी, साम्रद, घाटघर करत फिरतो. तिकडे जाताना वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडावी लागते कारण सगळा भाग कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे मनाला येईल तिथे गाडी वळवून चूल मांडणं हा प्रकार तिथे नाही. गावात मात्र सोय आहे. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं दगडी देऊळ, पलीकडे रतनगड, आणि गावातली बरीच घरं ट्रेकर लोकांना जेवण देतात. त्यातल्याच एका घराच्या अंगणात, म्हशीच्या गोठ्यापासून दहा पावलांवर आम्हाला जागा मिळाली. जेवायला पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. अंगणाचे पैसे विचारले तर त्या ताई म्हणाल्या, "अंगणाचं कसलं भाडं, जेवलात ना."

थंडी होती म्हणून काचा पूर्ण लावून झोपलो. पहाटे डोळे उघडले तर छतातून थेंब थेंब पाणी गळत होतं, म्हटलं पाऊस कसा काय. पाऊस कसला, आमचाच श्वास! दोन माणसं रात्रभर बंद पत्र्यात श्वास सोडतात, ती वाफ थंड काचेला आणि पत्र्याला लागून पाणी होते, रजईचा पायाकडचा भाग चक्क ओला. तेव्हापासून कितीही थंडी असली तरी समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या आणि त्यावर चुंबकाच्या पट्ट्या लावलेली मच्छरदाणीची जाळी. एक जाडी चादर जास्त घ्या पण काच उघडी ठेवा. मे अखेरीस, पाऊस पडायच्या आधी तिकडे काजवे असतात, तेव्हा गर्दी फार होते आणि गाड्यांच्या दिव्यांनीच काजवे दिसेनासे होतात, त्या दिवसांत आम्ही जात नाही.

एवढ्याशा जागेत दोघांनी राहायचं म्हणजे काय ते पण सांगते. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली तरी एकमेकांच्या इतक्या सवयी माहीत नव्हत्या. चहा करायचा तर आधी बॅगा पुढच्या सीटवर, मग पलंगाची एक घडी वर, मग क्रेट बाहेर, मग गॅस, आणि एवढं झाल्यावर कळतं की साखर पुढच्या सीटवर ठेवलेल्या बॅगेत आहे. पहिल्या ट्रिपला यावरून भांडणं झाली, मोठ्या आवाजात करता येत नाहीत कारण शेजारी अख्खं गाव जागं असतं, त्यामुळे कुजबुजत भांडलो. मग नियम केला की दोघांनी एका वेळी हलायचं नाही, एकजण बाहेर उभा राहील. आता नवरा उठून बाहेर जातो, मी आत सगळं लावते, तोवर तो गावातल्या कुणाशी तरी पावसापाण्याच्या गप्पा सुरू करतो आणि चहा तिकडेच मिळतो, मग माझं सगळं मांडलेलं परत आवरायचं.

किनाऱ्यासाठी जानेवारी शेवटचा आठवडा धरला. मार्चनंतर कोकणात गाडीत झोपणं म्हणजे घामाची आंघोळ, आणि पावसाळ्यात विषयच नाही. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर गाडी रोखायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, आणि समोरून चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे नवऱ्याला माहीत आहे, तरी मी प्रत्येक वळणावर सांगते आणि तो प्रत्येक वळणावर "अगं हो" म्हणतो.

दिवेआगरला सुपारीच्या वाड्यांमध्ये मोकळ्या जागा दिसतात. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच पट्ट्यात धडकलं, तेव्हा झोपलेल्या वाड्या. सुपारीचं झाड धरायला पाच-सहा वर्षं तर जातातच. ज्यांच्या वाडीत थांबलो त्या काकू म्हणाल्या, "नारळ पडला त्याचं एवढं नाही हो, आगरात सावलीच राहिली नाही, मग मिरीची वेल चढवायची कशावर." त्यांच्याकडे दोन खोल्या पर्यटकांसाठी होत्या, त्या रिकाम्या असताना आम्ही गाडीत झोपणार हे त्यांना काही केल्या पटेना, म्हणून मग संडास-बाथरूमचे दीडशे रुपये आणि रात्रीचं जेवण असं ठरलं. हा हिशोब पुढे सगळीकडे चालला. कोकणात घरगुती खानावळीवाल्यांशी बोलायचं, जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, बाथरूमचे वेगळे द्यायचे. त्यांनाही परवडतं आणि आपल्यालाही.

संडासाचं मी मोकळेपणाने लिहिते कारण बायका मला इनबॉक्समध्ये हळूच तेच विचारतात. आमच्याकडे घडीचं कमोड आहे, पिशवी लावायचं, रात्रीच्या अडचणीसाठी. पण अंगणात, चार घरांच्या मध्ये, पडद्याआड ते वापरायला धीर लागतो आणि नंतर ती पिशवी टाकायची कुठे हा प्रश्न असतोच, कुणाच्या गावात टाकून यायची नाही. म्हणून रात्रीची जागा निवडताना समुद्र दिसतो का हे नवरा बघतो आणि संडास किती पावलांवर आहे हे मी बघते, आणि दोन्हींत निवडायची वेळ आली की माझं चालतं. पाळीच्या दिवसांत तर सरळ खोली घेतो, त्यात कसला कमीपणा.

आता खाड्या. नकाशात कोकण किनारा सरळ दिसतो पण गाडी चालवताना दर तीस-चाळीस किलोमीटरला एक खाडी आडवी येते आणि रस्ता संपतो. मुरूडकडून आलात तर आगरदांडा ते दिघी. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला ते वेशवी, ही सावित्री नदीची खाडी. मग दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठी. मग तवसाळ ते जयगड, शास्त्री. प्रत्येक ठिकाणी जंगलजेट्टी, म्हणजे सपाट फेरीबोट, तिच्या पोटात गाड्या, बाइक, एखादा टेम्पो, माणसं, कोंबड्यांची टोपली सगळं जातं. पंधरावीस मिनिटांत पलीकडे. दाभोळची बोट चुकवून रस्त्याने गुहागर गाठायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या कामात या खाड्यांवर पूल व्हायचेत, झाले की वेळ वाचेल पण मला बोटीच आवडतात, सक्तीने गाडीतून उतरून उभं राहावं लागतं. हाताने खुणा करणारा पोरगा इंचाइंचाने गाडी लावून घेतो आणि हँडब्रेक ओढला का हे दोनदा विचारतो. ईको छोटी असल्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा कोपऱ्यात कोंबायचा, नवऱ्याच्या बाजूचं दार उघडायचं नाही, मग तो माझ्या बाजूने सरपटत बाहेर.

सावित्री ओलांडताना नवऱ्याचा इतिहासाचा तास झाला. अलीकडे श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, पलीकडे वेळास म्हणजे नाना फडणवीसांच्या भानूंचं, आणि मध्ये ही एवढीशी खाडी. वेळासला आम्ही कासवांसाठी थांबलो. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत अंडी घालून निघून जाते, गावातली माणसं ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या हॅचरीत पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळ-संध्याकाळ ती समुद्रात सोडतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून हे काम सुरू केलं. आम्ही गेलो ते जरा लवकरच होतं, पिल्लं बघायची तर फेब्रुवारी-मार्च बरा, त्यामुळे आम्हाला फक्त हॅचरीतल्या पाट्या बघायला मिळाल्या, कुठल्या तारखेला किती अंडी पुरली ते. गावात लॉज नाही, सगळ्या घरांतच राहायची सोय, त्यामुळे गाडी लावायला विचारलं तर लोकांना वाटलं आम्हाला घर मिळालं नाही, तिघीजणी आपापल्या घरी न्यायला आल्या!

समुद्राच्या बाजूला झोपायचं तर भरतीची वेळ कळली पाहिजे. मोबाईलवर बघता येतं पण हर्णै बंदरात एका खलाशी काकांनी तोंडी हिशोब दिला तो आम्ही अजून वापरतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि ते उधाण असतं, पाणी रोजच्यापेक्षा बरंच वर येतं. मिनिटाला मिनिट जुळत नाही पण गाडी कुठवर न्यायची एवढं ठरवायला पुरतं. नवरा आता रोज सकाळी कालनिर्णय काढून बसतो. वाळूवर मात्र गाडी आम्ही घालतच नाही. कर्दे किनाऱ्यावर एक मोठी एसयूव्ही ओल्या वाळूत रुतलेली बघितली, चारी चाकं ओढणारी गाडी होती तरी जाग्यावर फिरून फिरून खड्डा करत होती, पाणी चढत होतं, शेवटी गावातला ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला घाईत नव्हता, त्याचं हे रोजचंच. तसंही बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी न्यायला बंदी आहे, आणि असायलाच हवी.

किनाऱ्यावरची दुसरी गोष्ट म्हणजे दमट हवा. डोंगरात श्वासाने ओलं होतं, इथे आपोआप होतं. मीठ पातळ, काडेपेटी लागत नाही, पापड मऊ, टॉवेल दोन दोन दिवस वाळत नाही. पलंगाच्या बिजागऱ्यांना दापोली तालुक्यातच तांबूस गंज दिसायला लागला. बिजागऱ्या स्टीलच्या टाका, पैसे जास्त जातात पण टाका.

हेदवीला रात्रीच्या गस्तीचे पोलीस आले, साडेअकराला काचेवर टकटक. लायसन्स बघितलं, आधार बघितलं, नातं विचारलं, मग एकजण पलंगाच्या मापाची चौकशी करायला लागला, किती खर्च आला, सुतार कुठला. गाडी देवळाजवळच्या घरमालकांना विचारून लावली होती, त्यांचं नाव सांगितल्यावर विषयच मिटला. पोलिसांनी फक्त एवढं सांगितलं की थांबणार असाल तर पोलीस पाटलाला आधी कळवत जा. तेव्हापासून कळवतो.

गणपतीपुळे, रत्नागिरी भराभर केलं, गर्दीच्या जागी कुणाला विचारायचं तेच कळत नाही, पार्किंगवाला पावती देतो आणि रात्री दहाला उठवतो. आरे-वारेचा रस्ता मात्र दोनदा गेलो, डोंगराच्या कडेने वर चढतो आणि एकदम दोन्ही किनारे खाली दिसतात. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर करत मालवण. तिकडे भाषा बदलली. तारकर्लीच्या अलीकडे एका घरी आजींनी विचारलं, "खंयसून इलात?" पुणे म्हटल्यावर गाडीकडे बघून, "आणि गाडयेतच निजतास?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या, मला वाटलं नाही म्हणणार, तर उशी घेऊन बाहेर. आमच्याकडे होती उशी, पण घेतली. त्या रात्री जेवणात बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, आणि सकाळी निघताना पैसे घ्यायला त्यांनी सुनेला पुढे केलं, स्वतः हात लावला नाही.

परत येताना सावंतवाडीवरून आंबोली घाट चढलो. खाली पंखा लावून झोपलेली माणसं वर जाऊन कानटोप्या शोधायला लागली, तेवढा फरक दोन तासांत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाच्या रस्त्यावर एका चहावाल्याच्या टपरीमागे जागा मिळाली, त्याने एकच अट घातली, पहाटे पाचला तो दूध घेऊन येतो तेव्हा गाडी दोन हात मागे घ्यायची. पाचला उठून नवऱ्याने पलंगावर मी झोपलेली असतानाच गाडी मागे घेतली.

शेवटचा टप्पा आजरा, कोल्हापूर, मग हायवे. हायवेवर रात्र काढायची नाही हे आमचं ठरलेलं आहे. पेट्रोल पंपावर जागा मिळते, संडास असतो, दिवे असतात, पण ट्रकच्या आवाजाने डोळा लागत नाही आणि कुणी कुठून आलात म्हणून विचारतही नाही. त्यापेक्षा साताऱ्याच्या पुढे जेवून रात्री उशिरा घरी पोचलेलं बरं. गाडी सोसायटीत लावली तर वॉचमन नवीन होता. खाली वाकून आत पलंग, बादली, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल बघितले आणि म्हणाला, व्हिजिटर पार्किंगला रात्रभर गाडी लावता येणार नाही.